शेवटच्या आजारपणाचा कागद: नाशिकमध्ये लिव्हिंग विल कसं करावं

मृत्युपत्र करून ठेवलेली माणसं नाशिकमध्ये पुष्कळ भेटतात. गंगापूर रोडचा फ्लॅट कोणाला, मखमलाबादची द्राक्षबाग कोणाला, बँकेतली ठेव कोणाला, सगळं नीट लिहिलेलं असतं. पण मरणाआधीचे काही दिवस किंवा महिने आयसीयूत गेले, तर तिथं आपल्याला काय हवं आणि काय नको, यावर एक ओळही नसते. मग तो निर्णय बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या मुलांवर येऊन पडतो. भावंडं तीन असली तर मतंही तीन, आणि चौथं मत फोनवरून येतं.

ही ओळ लिहिण्याचा कागद म्हणजे लिव्हिंग विल. सर्वोच्च न्यायालयानं त्याला ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत बरीच सोपी केली. वकील केलाच पाहिजे असं नाही. या विषयाला कधी हात न लावलेल्यांसाठी पहिल्यापासून लिहितो आहे. तुमच्या आजाराबद्दलचे प्रश्न मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, ते काम लेखाचं नाही.

जीव पवित्र मानणाऱ्यांनी हे करावं का?

ज्येष्ठ नागरिक संघात हा विषय काढला की पहिला आक्षेप ठरलेला: "जीव देवानं दिलाय, नेणारही तोच. आपण मध्ये पडणारे कोण?" आक्षेप हलका नाही. त्याला बगल देऊन फॉर्म भरायला बसलं तर सहीच्या वेळी हात अडखळतो. म्हणून आधी तोच घेऊ.

जीवनाच्या पावित्र्याचा गाभा असा की निरपराध माणसाचा जीव जाणूनबुजून घ्यायचा नाही. माणूस म्हातारा असो, अंथरुणाला खिळलेला असो, बेशुद्ध असो, कोणाच्या कामाचा उरलेला नसो, त्याच्या जिवाचं मोल तेवढंच. ही शिकवण मला मोलाची वाटते, कारण दुबळ्या माणसाला तिच्याशिवाय दुसरं कुंपण नाही. पण येणारं मरण जमेल तितके दिवस यंत्रावर अडवून धरा, असं त्या शिकवणीत कुठेही नाही. तो प्रश्नच यंत्रं आल्यावर निर्माण झाला. व्हेंटिलेटर वापरणाऱ्या भूलतज्ज्ञांनी हाच प्रश्न पोप बारावे पायस यांच्यापुढे ठेवला होता. नोव्हेंबर १९५७ मध्ये त्यांनी उत्तर दिलं की नेहमीचे उपचार करणं हे कर्तव्य आहे, असाधारण उपाय केलेच पाहिजेत असं बंधन नाही. गर्भपातापासून इच्छामरणापर्यंत सगळ्याला कडाडून विरोध करणाऱ्या चर्चची ही भूमिका आहे. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला दरवर्षी जाणाऱ्यांपैकीही अनेकांना ती ठाऊक नसते.

आपल्या मातीत तर या विषयाच्या खुणा पावलोपावली आहेत. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आहे. म्हसरूळला गजपंथाचं जैन सिद्धक्षेत्र आहे आणि जैन परंपरेत सल्लेखनेला, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडून देह ठेवण्याला, मानाचं स्थान आहे. भगूरला जन्मलेल्या सावरकरांनी १९६६ मध्ये प्रायोपवेशन केलं, पवनारला विनोबांनी १९८२ मध्ये. सल्लेखनेला राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५ मध्ये आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. ही उदाहरणं लोक लिव्हिंग विलच्या बाजूनं देतात. मला तो युक्तिवाद लंगडा वाटतो. त्या माणसांनी शुद्धीत राहून संकल्पानं अन्न सोडलं. लिव्हिंग विलमध्ये संकल्पानं देह ठेवायचा नसतो. तिथं आजार बरा होणार नाही हे डॉक्टर ठरवतात आणि मग फक्त यंत्र चालू ठेवायचं की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

कायद्यानं रेघ नेमकी इथंच ओढली आहे. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं कलम १९९४ मध्ये रद्दबातल ठरलं, कारण जगण्याच्या हक्कात मरण्याचाही हक्क येतो असं तेव्हा न्यायालयाला वाटलं. दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते उलटवलं. मरण्याचा हक्क असा काही नाही, मात्र प्रतिष्ठेनं जगण्यात प्रतिष्ठेनं मरणंही येऊ शकतं, असं ते म्हणाले. २०१८ चा निकाल या दुसऱ्या वाक्यावर उभा आहे. त्यामुळे इंजेक्शन देऊन कोणाला मारणं आजही गुन्हाच आहे. रुग्णानं स्वतः हात जोडून मागितलं तरी तो सदोष मनुष्यवध ठरतोच. उपचार नाकारणं किंवा थांबवणं ही वेगळी गोष्ट, कारण तिथं माणूस जातो तो त्याच्या आजारानं.

उलट बाजूची एक भीती मला जास्त खरी वाटते. "मी मुलांवर ओझं झालोय" असं वाटणारा म्हातारा माणूस, आणि ते त्याला वाटावं अशी घरातली वागणूक. अशा घरात हा कागद हत्यार होऊ शकतो. तुमच्या मनात सहीमागचं कारण दवाखान्याचं बिल किंवा सुनेची कटकट हे असेल, तर हा कागद आत्ता करू नका. आधी त्या गोष्टी मिटवा. सगळे उपचार शेवटपर्यंत व्हावेत असं वाटत असेल तर तेही मोकळेपणानं घरात सांगा आणि लिहून ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

अरुणा शानबाग यांची गोष्ट कशासाठी आठवायची

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्यानं हल्ला केला. त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या, म्हणजे ४१ वर्षांहून जास्त काळ त्या खाटेवर होत्या. त्यांचं अन्न थांबवावं यासाठी लेखिका-पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. केईएमच्या परिचारिकांनी कडाडून विरोध केला. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच अरुणांना भरवलं होतं, अंघोळ घातली होती, इतक्या वर्षांत पाठीला जखमा होऊ दिल्या नव्हत्या. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयानं परिचारिकांचं म्हणणं मानलं, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीनं असे उपचार थांबवता येतील असं तत्त्वही घालून दिलं.

या खटल्यावर वाद घालताना लोक दोन बाजू करतात. माझं लक्ष दर वेळी तिसरीकडे जातं. विराणी बोलल्या, परिचारिका बोलल्या, तज्ज्ञ डॉक्टर बोलले, न्यायमूर्ती बोलले. अरुणांना स्वतःला काय हवं होतं हे सांगणारा कागदाचा कपटाही कोणाकडे नव्हता. तेव्हा असा कागद करायची सोयच नव्हती. आता आहे.

हा कागद कधी लागू होतो

दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात. तुम्ही निर्णय घेण्याच्या स्थितीत नाही, ही एक. आणि आजार मरणाकडे नेणारा आहे किंवा दीर्घ उपचारांनंतरही बरं होण्याची आशा नाही, ही दुसरी. तोवर कागद कपाटात. शुद्धीवर असलेला, समजून बोलणारा रुग्ण कोणताही उपचार स्वतःच्या तोंडानं नाकारू शकतो, त्यासाठी लिव्हिंग विलची गरज नाही. अपघात झाला, हृदयविकाराचा झटका आला, तर या कागदामुळे तुम्हाला कोणी वाऱ्यावर सोडणार नाही. ही शंका हमखास येते, म्हणून स्पष्ट सांगितलं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही असाच एक आगाऊ निर्देश आहे. तो मानसिक आजाराच्या उपचारांपुरता आहे, त्याची पद्धत वेगळी. अवयवदान, देहदान यांचे फॉर्मही वेगळे. सगळं एकाच कागदात कोंबू नका.

पायरी १: आधी डॉक्टरांशी बोला

नोटरीकडे शेवटी जायचं असतं, बहुतेक लोक सुरुवात तिथून करतात. आधी फॅमिली डॉक्टरांची वेळ घ्या, गर्दीच्या ओपीडीत हा विषय काढू नका. विचारायचं ते हे: मला जे आजार आहेत ते शेवटाकडे कसे जातात? मधुमेहात मूत्रपिंडं गेली तर काय होतं? सीओपीडीच्या, म्हणजे फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या, रुग्णाला एकदा व्हेंटिलेटर लावला की तो निघतो का? पक्षाघातानंतर नाकातली नळी किती दिवस राहते? ज्याला पार्किन्सन आहे आणि ज्याला काहीच नाही, त्या दोघांनी लिहायच्या गोष्टी सारख्या नसतात.

डॉक्टर विषय टाळतील. "काका, तुम्ही ठणठणीत आहात, हे काय काढलंत?" असं म्हणतील. पुन्हा विचारा.

पायरी २: माणूस निवडा

सगळ्यात अवघड पायरी हीच, आणि सगळ्यात महत्त्वाचीही. तुम्ही बेशुद्ध असताना तुमच्या वतीनं "हे थांबवा" किंवा "हे चालू ठेवा" असं म्हणणारे पालक (गार्डियन) किंवा जवळचे नातेवाईक यांची नावं कागदात द्यावी लागतात. एकापेक्षा जास्त नावं देता येतात आणि द्यावीतच.

नाव देताना आपण हमखास मोठ्या मुलाचं देतो, रीत म्हणून. तो न्यू जर्सीत असतो. रात्री अडीच वाजता आयसीयूतून फोन येतो तेव्हा तिथं उभं राहणारं माणूस दुसरंच असतं: सिडकोत राहणारी मुलगी, धाकटा भाऊ, पुतण्या. अशांपैकी एकाचं नाव पहिलं ठेवा. दुसरा निकष याहून कठीण आहे. ज्याचा तुमच्यावर जीव आहे त्यालाच तुम्हाला जाऊ देणं जमेल असं नाही. काही लेकी, काही बायका शेवटच्या क्षणापर्यंत "अजून एक प्रयत्न करा डॉक्टर" म्हणतील. तो त्यांचा दोष नाही, पण तुमचा कागद चालवायचा तर तुमचं म्हणणं स्वतःच्या इच्छेच्या वर ठेवू शकणारं माणूस हवं. ते माणूस कधीकधी सख्खं नसतं, चुलत असतं.

ज्याचं नाव देणार त्याला विचारा, आणि ज्याचं देणार नाही त्यालाही सांगा. मोठ्याला डावललं हे त्याला आयसीयूच्या दारात कळलं तर तिथंच भांडण पेटेल. बोलायचं कसं हा प्रश्न अनेकांना पडतो. "मला काही झालं तर" अशी सुरुवात केली की समोरून "असं अभद्र बोलू नका" येतं आणि विषय संपतो. कोणाच्या तरी आजारपणाला भेटून आल्यावर बोलणं सोपं जातं: "त्या अण्णांचं बघितलंस ना, मला तसं नकोय." पहिल्या बैठकीत सगळं होणार नाही. दिवाळीत सगळे जमतात तेव्हा पुन्हा काढा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नको, एवढं भान ठेवा.

पायरी ३: लिहा, आणि नेमकं लिहा

"मला नळ्या-बिळ्या नकोत" हे वाक्य डॉक्टरांच्या काही उपयोगाचं नाही. न्यूमोनिया झालेल्या ठणठणीत माणसाला चार दिवस व्हेंटिलेटर लागतो आणि तो चालत घरी जातो. तीच नळी स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला लावली तर पुढचे महिने तिच्यावरच जातात. म्हणून उपचाराचं नाव एकटं लिहू नका, कोणत्या परिस्थितीत तो नको तेही लिहा. न्यायालयाचाही आग्रह तोच आहे: उपचार केव्हा नाकारायचे किंवा थांबवायचे ते निःसंदिग्ध शब्दांत असावं.

विचार करण्यासारख्या गोष्टी अशा. सीपीआर म्हणजे हृदय थांबल्यावर छातीवर दाब आणि विजेचा झटका. सिनेमात दाखवतात तसा माणूस लगेच उठून बसत नाही, म्हाताऱ्या शरीरात बरगड्या मोडू शकतात. व्हेंटिलेटर, आणि तो बरेच दिवस राहिला तर ट्रेकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून बसवलेली नळी. डायलिसिस. रक्तदाब टिकवणारी औषधं. वारंवार होणाऱ्या संसर्गासाठी भारी अँटिबायोटिक. आणि नाकातून किंवा थेट पोटातून अन्न देणारी नळी.

या शेवटच्या नळीवर घरं अडतात. व्हेंटिलेटर काढायला तयार असलेली माणसंसुद्धा "पण उपाशी कसं ठेवायचं?" इथं थांबतात. आपल्याकडे अन्न म्हणजे माया, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. मरणाच्या जवळ आलेल्या शरीराची भूक ओसरते, आणि तेव्हा नळीनं ओतलेलं अन्न कित्येकदा छातीत पाणी, जुलाब, सूज यांचा त्रासच वाढवतं, हे डॉक्टरांकडून समजून घ्या. मग तुमचं मत काहीही होवो, ते वेगळ्या ओळीत लिहा. ही ओळ नसेल तर सगळ्यात मोठा वाद हिच्यावरच होणार.

आणि काय हवं तेही लिहा. वेदना थांबवणारी औषधं, त्यासाठी लागलं तर मॉर्फिन. तोंड ओलं ठेवणं, कूस बदलणं, स्वच्छता. घरी न्यायचं की दवाखान्यातच. कोण जवळ असावं. मॉर्फिननं जीव लवकर जाईल या धास्तीनं नातेवाईक ते नाकारतात. योग्य मात्रेत ते वेदना आणि धाप कमी करण्यासाठी देतात. हेतू वेदना घालवण्याचा असेल तर जीवनाचं पावित्र्य मानणाऱ्या कडक परंपराही त्याला हरकत घेत नाहीत. औषध मिळण्याची अडचण पूर्वी फार मोठी होती, २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यावर ती कमी झाली.

नमुना म्हणून एवढा मजकूर डोळ्यासमोर ठेवा, स्वतःच्या परिस्थितीप्रमाणे बदला:

"मी, (नाव, वय, पत्ता), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझा आजार बरा होण्यासारखा नाही किंवा मी पुन्हा माझ्या माणसांना ओळखू शकेन अशी शक्यता उरलेली नाही असं डॉक्टरांनी ठरवलं, आणि तेव्हा मी स्वतः निर्णय घेऊ शकत नसेन, तर मला सीपीआर देऊ नये. व्हेंटिलेटर, डायलिसिस सुरू करू नये, सुरू असल्यास काढावा. अन्न देणाऱ्या नळीबाबत माझी इच्छा अशी: … वेदना आणि धाप कमी करणारे सर्व उपचार शेवटपर्यंत द्यावेत. माझ्या वतीनं (नाव, नातं, फोन) यांनी आणि ते नसतील तर (नाव, नातं, फोन) यांनी संमती द्यावी. या निर्णयाचे परिणाम मला समजले आहेत. हा कागद मी केव्हाही मागे घेऊ शकतो, हे मला माहीत आहे."

हातानं लिहा किंवा टाइप करून घ्या. मराठीत चालतं, निकालात भाषेची अट नाही. तरी सोबत इंग्रजी प्रत ठेवावी, कारण आयसीयूत रात्रपाळीला असलेले डॉक्टर मराठी वाचणारे असतीलच असं नाही.

पायरी ४: दोन साक्षीदार आणि नोटरी

ही पायरी एका दुपारची. दोन साक्षीदार लागतात, शक्यतो घराबाहेरचे. ज्यांना तुमच्या मालमत्तेतून काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. शेजारी, जुने सहकारी, भजनी मंडळातले कोणी, सगळे चालतात. सही नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करायची. २०१८ च्या मूळ पद्धतीत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, तिथंच बहुतेकांचं घोडं अडायचं. २०२३ मध्ये ती अट गेली.

नोटरी सीबीएसजवळ जिल्हा न्यायालयाच्या परिसरात सहज मिळतात, नाशिकरोडलाही. भाडेकरार आणि प्रतिज्ञापत्रं करून त्यांचे हात बसलेले असतात, लिव्हिंग विल काहींनी पाहिलेलंही नसतं. स्टॅम्पपेपर आणा म्हणतील. निकालात तशी अट नाही, पण त्यावर वाद घालत बसू नका. महत्त्वाचं ते हे की तुम्ही स्वखुशीनं, परिणाम समजून सही करत आहात याची खात्री पटल्याची नोंद त्यांनी करायची असते. दोन प्रश्न न विचारता शिक्का मारणारा नोटरी असेल तर उठा आणि दुसरा शोधा. पाय दुखतात, जिना चढवत नाही, तर काही नोटरी घरी येतात.

ओळखीत राजपत्रित अधिकारी असेल तर त्यांच्याकडून साक्षांकन करून घेणं सगळ्यात सोपं. सरकारी कार्यालयं, शासकीय महाविद्यालयं यांच्यामुळे सरकारी नोकरीतल्या माणसांचा नाशिकला तोटा नाही. फक्त ते सेवेत आणि राजपत्रित आहेत ना, एवढं पाहून घ्या.

पायरी ५: प्रती पोचवा

मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. रविवारी रात्री लॉकर उघडत नाही.

नावं दिलेल्या नातेवाइकांना एकेक प्रत, फॅमिली डॉक्टरांना एक, आणि एक स्थानिक संस्थेला द्यायची असते. प्रत्येक महापालिकेनं, नगरपालिकेनं, पंचायतीनं हे कागद सांभाळणारा अधिकारी नेमावा असं न्यायालयानं सांगितलं आहे. महाराष्ट्रात हे काम रेंगाळलं होतं. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यानंतर राज्यात असे अधिकारी नेमले गेले.

शहरात राहत असाल तर शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात वैद्यकीय विभागात चौकशी करा, किंवा आधी तुमच्या विभागीय कार्यालयात विचारा. सिन्नर, इगतपुरी, त्र्यंबकेश्वरला नगरपरिषद, मालेगावला त्यांची महापालिका, देवळाली कॅम्पात कँटोन्मेंट बोर्ड, गावात ग्रामपंचायत. खिडकीवरच्या माणसाला हे काय आहे ते माहीत नसेल अशी तयारी ठेवूनच जा. २०२३ च्या आदेशाची छापील प्रत सोबत न्या, साधा अर्ज जोडा, आवक-जावकला द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. "साहेब मीटिंगला गेलेत" हे उत्तर मिळालं तरी आवक-जावकचा शिक्का मिळतो. तेही जमलं नाही तर स्पीड पोस्टानं पाठवून पावती मूळ कागदाला टाचून ठेवा.

एक फोटो स्वतःच्या आणि घरच्यांच्या मोबाइलमध्ये हवाच. डिजिटल आरोग्य नोंदीतही हा कागद जोडता येतो. पाकिटात आधार कार्डामागे एक चिठ्ठी ठेवा: लिव्हिंग विल केलेलं आहे, अमुक नंबरवर फोन करा.

पायरी ६: वेळ आली तर घरच्यांनी काय करायचं

हा भाग तुमच्यासाठी नाही, ज्यांची नावं दिलीत त्यांच्यासाठी आहे. त्यांना वाचायला द्या.

रुग्णालयात दाखल करतानाच कागद दाखवा आणि फाइलला लावायला सांगा. उपचार करणारे डॉक्टर आधी तो खरा आहे का हे आरोग्य नोंदीवरून किंवा स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडून पडताळतात. मग रुग्णालय पहिलं मंडळ बसवतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षांचा अनुभव असलेले त्या विषयाचे आणखी किमान दोन तज्ज्ञ. त्यांचं मत शक्यतो ४८ तासांत यावं. उपचार थांबवायला ते राजी झाले तर दुसरं मंडळ बसतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ असतात. इथंही शक्यतो ४८ तास. दोन्ही मंडळं सहमत झाली, नाव दिलेल्या नातेवाइकांनी संमती दिली, की रुग्णालय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं आणि मगच उपचार थांबतात. कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. मंडळानं नकार दिला तर घरचे मुंबई उच्च न्यायालयात जाऊ शकतात. लिव्हिंग विल नसलेल्या रुग्णासाठीही कुटुंबाच्या संमतीनं हाच दोन मंडळांचा रस्ता खुला आहे.

रुग्णालय म्हणेल, आमच्याकडे असं मंडळ नाही. मोठ्या रुग्णालयातही हे ऐकायला मिळतं. आवाज चढवू नका. वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, सोबत आदेशाची प्रत, आणि पोच घ्या. दुसऱ्या मंडळासाठी डॉक्टर कोण नेमणार हे अडलं तर त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारा.

प्रत्यक्षात बहुतेक घरांत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पैसे संपतात किंवा धीर संपतो, "डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत" या कागदावर सही होते, अँब्युलन्समध्ये श्वास देणारा फुगा हातानं दाबत रुग्णाला घरी आणतात आणि दारात नळी काढतात. त्या माणसाला मॉर्फिन मिळत नाही, धाप लागलेली असते, शेजारी कोणी नर्स नसते. कायदेशीर वाट अवघड म्हणून लोक ही सोपी वाट धरतात आणि सगळ्यात जास्त हाल रुग्णाचेच होतात. घरीच न्यायचं असेल तरी निघण्याआधी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांची भेट मागा: वेदनेची औषधं कोणती, धाप लागली तर काय, रात्री फोन कोणाला करायचा. ते लिहून घेतल्याशिवाय अँब्युलन्स बोलावू नका.

बदलायचं असेल तर

केव्हाही बदला, केव्हाही रद्द करा, फक्त लेखी करा. एकापेक्षा जास्त कागद सापडले तर शेवटी सही केलेला धरतात. नवा कागद पुन्हा दोन साक्षीदार आणि नोटरीसमोरच करायचा. जुन्या प्रती सगळ्यांकडून परत घेऊन फाडा, महापालिकेत दिलेल्या प्रतीसाठी रद्द केल्याचा अर्ज द्या आणि त्याचीही पोच घ्या. मोठं आजारपण झालं, जोडीदार गेला, नाव दिलेलं माणूस गाव सोडून गेलं, की कागद काढून एकदा वाचा. फोन नंबर तर हमखास बदललेले असतात.